मॉडेल विमानातला ट्रॅकर आणि तीन अँटेना: आठ महिन्यांनंतर

ट्रॅकर घेतला तेव्हा आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती. आता जून संपत आलाय, पाऊस लागलाय आणि उडवणं बंद आहे. म्हटलं, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकावं. घेतल्या आठवड्यातच लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आज तसं लिहवत नाही, पण वस्तू वाईट आहे असंही नाही. मधल्या काळात विमान दोनदा हरवलं आणि दोनदा सापडलं, आणि दोन्ही वेळचा फरक अँटेनाचा होता.

विमान घरी बांधलेलं. दोन मीटर पंखाचं मोटर ग्लायडर, वजन दीड किलोच्या आत. पुढचा पॉड ग्लास फायबरचा, शेपटीपर्यंत जाणारी नळी कार्बनची, पंखातला स्पार (आतला मुख्य दांडा) कार्बनचा, शेपूट बाल्साची. कुठे काय वापरलंय ते मुद्दाम सांगतोय, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. उडवायला वणीच्या अलीकडे एका माळावर जातो, समोर सप्तशृंगीचा डोंगर. नाशिककराला एवढं लांब जावंच लागतं, कारण एका बाजूला ओझरचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरचा लष्करी विमानतळ आणि तिसरीकडे देवळालीची लष्करी छावणी. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडला की शहराभोवती कुठेकुठे जायचं नाही ते कळतं. तुम्हीही आधी नकाशा बघा, मग अँटेना.

ट्रॅकर म्हणजे एक लोरा बोर्ड (थोड्या विजेवर छोटे संदेश लांबवर पाठवणारा रेडिओ), त्यावर जीपीएस, आणि पाचशे एमएएचची स्वतःची बॅटरी. बत्तीस ग्रॅम. स्वतःची बॅटरी हवीच, कारण आपटल्यावर पहिली सुटते ती विमानाची मुख्य बॅटरी. बोर्ड 866 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. आपल्याकडे 865 ते 868 हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. ऑनलाइन घेताना 915 चा बोर्ड गळ्यात मारून घेऊ नका, तो दुसऱ्या देशांसाठी असतो. 144 मेगाहर्ट्झवर काही करायचं तर हॅम (हौशी रेडिओचा) परवाना लागतो, आणि माझ्याकडे तो नाही.

आता पहिला अँटेना. बोर्डाबरोबर बोटाएवढा काळा रबरी अँटेना आला. त्यावर छापलं होतं 868. मित्राकडून नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) आणून मोजला तर त्याचा खड्डा, म्हणजे तो सगळ्यात नीट चालतो ती जागा, 920 च्या पुढे. 866 वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचा आकडा, 1 म्हणजे उत्तम) जवळपास 3. मी लगेच तोंड वाकडं केलं आणि आठवडाभर त्याच्याच मागे लागलो. तो आठवडा वाया गेला. एसडब्ल्यूआर 3 म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली पाव परत येते, बाकी पाऊण बाहेर जाते. डेसिबलमध्ये सव्वाचा तोटा. हाच अँटेना बॅटरीच्या आड गेला की पंधरा-वीस डेसिबल जातात, आणि त्याकडे माझं लक्षच नव्हतं. मोजता येणाऱ्या गोष्टीच्या मागे माणूस लागतो तो असा.

मग 'चांगला' अँटेना मागवला. आला, फिरवून बसवला, आणि रेंज आधीपेक्षा कमी. दोन दिवस डोकं धरून बसलो. अंबडला कंपनीत बरोबर काम करणाऱ्या एकाने भिंग लावून बघितलं आणि हसायला लागला. अँटेना आरपी-एसएमए होता, बोर्डाकडचा सॉकेट साधा एसएमए; दोन्ही दिसायला सारखेच जोड, फक्त मधली पिन उलटसुलट. आटे जुळतात, घट्ट बसतो, पण दोन्हीकडे मधे भोक. मधल्या पिनेचा पत्ताच नाही. घेताना मधे पिन आहे की भोक ते फोटोत बघा, नाव काहीही लिहिलेलं असतं. विकणाऱ्याने बदलून दिला नाही. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हा पुन्हा तोच रबरी बसवला, पॉडमध्ये, मुख्य बॅटरी आणि ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) मधल्या फटीत. विमान हवेत असताना सगळं छान. किलोमीटरभर लांबूनही दर दहा सेकंदांनी ठिकाण येत होतं. नोव्हेंबर, डिसेंबर मजेत गेले.

जानेवारीत संक्रांतीच्या आधीच्या रविवारी एलिव्हेटरचा (शेपटीतल्या नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीचा) क्लेव्हिस, म्हणजे तिला दांडीशी जोडणारा चिमटा, उघडला. विमान नाक खाली घालून द्राक्षबागेत गेलं. फोनवर शेवटचं ठिकाण आलेलं होतं हवेतलं, चाळीसेक मीटर उंचीवरचं. त्यानंतर पाकिटं (ट्रॅकरचे छोटे संदेश) येत होती, मधूनच एखादं, पण ठिकाण जुनंच. म्हणजे ट्रॅकर जिवंत होता, जीपीएसला आकाश दिसत नव्हतं. नंतर कळलं की पॉड उलटा पडला होता आणि जीपीएसची चौकोनी चकती जमिनीकडे तोंड करून होती.

ज्यांनी आमच्याकडची बाग आतून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाय आकाराचे लोखंडी अँगल, त्यांवर फुटाफुटावर ताणलेल्या जीआय तारा, वर पानांचं छप्पर, खाली घड. त्या दिवसांत घडांना कागद लावलेले. आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आणि रेडिओच्या दृष्टीने तो अख्खा तारांचा पिंजरा. बाग आडवी ओलांडत गेलो तर सिग्नल जातो, येतो, काही अर्थ लागत नाही.

बागवाले काका आले.

"काय हरवलं भाऊ?"

"विमान पडलंय काका, तुमच्या बागेत."

त्यांनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडे. "ओझरचं?"

हाताने आकार दाखवला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. "घडांना धक्का लागू देऊ नका, पुढच्या महिन्यात तोडा आहे," एवढंच म्हणाले, आणि स्वतःही शोधायला लागले.

आडवं फिरणं सोडून आम्ही बांधावरून ओळींच्या तोंडाशी चालत गेलो. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी थांबायचं, दोन पाकिटं येईपर्यंत वाट बघायची, सिग्नलच्या जोराचा आकडा बघायचा (तो उण्यात येतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात). पाकीट दहा सेकंदांनी येतं, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. बहुतेक ओळींत −120 च्या खाली किंवा काहीच नाही. एका ओळीच्या तोंडाशी एकदम −104. दोन ओळींमधली मोकळी जागा नळासारखी काम करत होती. मग त्या ओळीत शिरलो आणि रिसीव्हर छातीशी धरून जागेवर गोल फिरलो. माणसाचं अंग म्हणजे पाण्याची पिशवी, ते मधे आलं की सिग्नल पडतो. आकडा सगळ्यात वाईट झाला तेव्हा विमान बरोबर पाठीमागे. सिग्नल सगळ्यात जास्त कुठे येतो ते शोधण्यापेक्षा सगळ्यात कमी कुठे येतो ते शोधणं सोपं, कारण ती दिशा जास्त टोकदार कळते. दोन तास वीस मिनिटं लागली. एक घड तुटला होता, त्याचे पैसे काकांनी घेतले नाहीत.

घरी येऊन जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. अँटेना उडताना कसा चालतो याची परीक्षा मी दोन महिने घेत होतो. पण उडताना विमान डोळ्यांना दिसतंच. ट्रॅकर लागतो तो पडल्यावर. म्हणून पुढच्या रविवारी माळावर विमान पाच तऱ्हांनी ठेवलं: सरळ, उलटं, नाकावर, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. मी तीनशे मीटरवर रिसीव्हर घेऊन उभा, भाचा विमान वळवतोय. पॉडमधल्या रबरी अँटेनाचे आकडे: सरळ −101, उलटं −116, नाकावर असताना काहीच नाही. सपाट, मोकळ्या माळावर हे आकडे, तर बागेत काय होणार!

दुसरा प्रयोग फसला. साधी पाव लहरीची तार (रेडिओ लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या भागाएवढी), म्हणजे 8.2 सेंटिमीटर, कार्बनच्या नळीला लागून चिकटवली. वाटलं, धातूची नाही ना. पण कार्बन वीज वाहतो. रेडिओच्या लेखी ती नळी लोखंडी पाइपच. तार नळीला समांतर ठेवली की तिचं अर्धं काम नळी गिळते. शिवाय पाव लहरीच्या तारेला पायाखाली काहीतरी धातूचं पसरलेलं लागतं. माझ्याकडे तेवढा इवलासा बोर्डच होता, त्यामुळे बॅटरीची वायर इकडची तिकडे सरकली की मोजमाप बदलायचं.

तिसरा अँटेना घरी केला, आणि आजतागायत तोच आहे. आरजी-178 ही बारीक कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी, मधे तार आणि भोवती जाळी असलेली वायर), पावणेदोन मिलिमीटर जाडीची. शेवटाला 8.2 सेंटिमीटर बाहेरचं आवरण आणि जाळी काढून आतली तार मोकळी केली. त्याच्याखालची जाळी सोडवून मोज्यासारखी उलटी, वायरवरच परत खाली ओढली, तीही साधारण तेवढीच. झाला अर्ध्या लहरीचा स्लीव्ह डायपोल, ज्याला पायाखाली काहीच लागत नाही. जाळी ओढताना एक केस जरी आतल्या तारेला टेकला तर सगळं शॉर्ट, म्हणून वरच्या तोंडाशी बारीक श्रिंक ट्यूब चढवा. पहिले दोन मी असेच घालवले. लांबी जराशी जास्त ठेवायची आणि व्हीएनए बघत कात्रीने दोन-दोन मिलिमीटर कापायचं. माझा एसडब्ल्यूआर 866 वर 1.4 ला येऊन थांबला, मीही तिथेच थांबलो.

तो उभ्या शेपटीत बसवला. बाल्सात ब्लेडने खाच पाडली, अँटेना आत, वरून पातळ टिश्यू. शेपूट चोवीस सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे खालचं टोक कार्बनच्या नळीपासून पाच-सहा सेंटिमीटर वर राहतं. हे अंतर सोडाच. कोॲक्स नळीच्या आतून पॉडपर्यंत येते, सत्तर सेंटिमीटर. या जातीच्या वायरीत मीटरला साधारण दीड डेसिबल जातात, म्हणजे माझा एक डेसिबल गेला. गेला तर गेला.

खरी किंमत वजनात मोजावी लागते. शेपटीत पाच ग्रॅम वाढले आणि तोल साधायला नाकात पंधरा ग्रॅम शिसं घालावं लागलं. पंख लांब आहेत म्हणून चाललं. मीटरभर पंखाच्या विमानात मी हे करणार नाही.

पाच तऱ्हांची परीक्षा पुन्हा. सरळ −88, कुशीवर −97, नाकावर −86 (शेपूट वर जाते ना!), उलटं −104. उलटं पडल्यावर शेपूट मातीत रुतते, तरी −104. मार्चमध्ये विमान पुन्हा गेलं, या वेळी वाऱ्याने कांद्याच्या शेतापलीकडच्या ओढ्यात. अकरा मिनिटांत हातात होतं.

जीपीएसबद्दल थोडक्यात: चकती आकाशाकडे, तिच्यावर कार्बन किंवा बॅटरी नको, ईएससीपासून लांब. पॉडच्या झाकणाखाली ग्लास फायबर असल्याने मला वेगळं काही करावं लागलं नाही. तुमचा पॉड कार्बनचा असेल तर खिडकी कापावी लागेल.

एक तक्रार मात्र आहे. बोर्डावरचा यू.एफएल कनेक्टर, म्हणजे अँटेनाची वायर दाबून बसवायचा जोड, तो शेंगदाण्याहून लहान पितळी टिकलीसारखा. तो मुळात तीसेक वेळा काढण्याघालण्यापुरताच बनवलेला असतो. मी परीक्षा घेऊन घेऊन तो ढिला केला आणि फेब्रुवारीत एका आपट्यानंतर निघालेला सापडला. अँटेनाशिवाय ट्रान्समिटर चालू राहणं बोर्डाला चांगलं नाही. माझा वाचला, पण दरवेळी वाचेल असं नाही. आता वरून सिलिकॉनचा थेंब टाकलाय आणि वायर बोर्डाला दोऱ्याने बांधलीय, म्हणजे ओढ कनेक्टरवर येत नाही.

ओळखीतले लोक विचारतात, माणसं बसतात त्या घरगुती विमानांतही असंच असतं का. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांमुळे हा प्रश्न आपल्याकडे आता कुणी थट्टेने विचारत नाही. नियम तेच. ॲल्युमिनियमचं विमान असेल तर पत्राच पायाखालचा धातू होतो, पोटाखाली किंवा पाठीवर साधी दांडी लावली की भागतं. ग्लास फायबरचं असेल तर अँटेना आत लपवता येतो. लाँग-ईझेड हे ग्लास फायबरचं घरगुती विमान बांधणारे तांब्याची चिकटपट्टी पंखाच्या थरांखाली घालून आणि वायरीवर फेराइटचे (चुंबकीय मातीचे) मणी ओवून अँटेना करतात, बाहेरून काहीच दिसत नाही. कार्बनचं असेल तर मात्र बाहेर यावंच लागतं. फक्त तिथे चुकलं तर नुकसान द्राक्षाच्या घडावर भागत नाही, तेव्हा माझं वाचून खऱ्या विमानाला भोक पाडायला जाऊ नका.

पुन्हा घेईन का? ट्रॅकर घेईन. त्याच्यासोबत दुसरा अँटेना विकत घेणार नाही. कोॲक्सचा तुकडा आणि दोन संध्याकाळी पुरतात. ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने तयार डायपोल घ्यावा, पण बसवायच्या आधी विमान पाच तऱ्हांनी जमिनीवर ठेवून बघावं.

सध्या विमान माळ्यावर टांगलंय. सराव राहावा म्हणून गेल्या रविवारी भाच्याला म्हटलं, ट्रॅकर घरात कुठेही लपव, मी शोधतो. पाच मिनिटांनी सिग्नल पूर्ण बंद. मी कनेक्टरला शिव्या घालत बोर्डाचे सगळे पर्याय तपासले, गच्चीवर जाऊन आलो, शेजाऱ्यांच्या जिन्यातही फिरून आलो. संध्याकाळी बायकोने भाकरीसाठी स्टीलचा पिठाचा डबा उघडला, आणि माझ्या हातातल्या फोनवर −31 आलं.