ट्रकचा क्लच स्लिप होतो आहे का? गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तुलना

भरलेला ट्रक चढावर ओढेनासा झाला की ‘क्लच प्लेट गेली’ असे म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवला जातो. हे निदान पुष्कळदा बरोबरही ठरते. मात्र तशीच लक्षणे दाखवणारे काही दोष बाहेरच्या बाहेर दुरुस्त होतात आणि ते तपासण्याचे कष्ट गिअरबॉक्स उतरवण्याच्या मानाने अगदी किरकोळ असतात. म्हणून क्लच खरोखर स्लिप होतो आहे का (म्हणजे पेडल सोडलेले असतानाही तो घसरून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पुरती पोचवत नाही का), हा एक प्रश्न आणि त्याचे कारण बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) आत आहे की बाहेर, हा दुसरा प्रश्न, असे दोन्ही वेगवेगळे सोडवावेत.

पहिल्या प्रश्नात खरी गल्लत होते ती स्लिप होणारा क्लच आणि ताकद कमी झालेले इंजिन यांच्यात, कारण चालकाला दोन्ही वेळी एकच जाणवते: ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचलत नाही. फरक दिसतो तो टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा) आणि स्पीडोमीटरच्या काट्यांत. क्लच पूर्ण पकडलेला असताना एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण बदलूच शकत नाही. १५०० आरपीएमला ताशी ५० किलोमीटर वेग मिळत असेल, तर १८०० ला तो ६० च असला पाहिजे. वरच्या गिअरमध्ये १५०० वर गाडी स्थिर चालवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. काटा झटकन १८०० वर गेला आणि वेग ५० च्या आसपासच राहिला, तर मिनिटाला ३०० फेरे क्लच प्लेटच्या पृष्ठभागावर नुसत्या घर्षणात वाया जात आहेत. दोन्ही काटे रेंगाळत का होईना, पण बरोबरीने चढत असतील तर क्लचला हात लावू नये. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे होज तपासावेत. अशा वेळी सोबत काळा धूर असेल, तर हवा कमी पडत असल्याची शक्यता अधिक. ही चाचणी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर आणि शक्यतो भरलेल्या गाडीने करावी, कारण चिखलात फिरणारी चाके वेगळाच घोळ घालतात. खालच्या गिअरमध्ये गाडी सहज पुढे सरकते आणि क्लचवर फारसा ताण येत नाही, त्यामुळे सुरुवातीची स्लिप तेथे लपून राहते.

उभ्या गाडीवरची चाचणी अनेकांना माहीत असते: चाकांना अडथळे लावून, हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून पेडल हळूहळू सोडायचे, इंजिन बंद पडले तर क्लच ठीक, चालू राहिले तर स्लिप. माझ्या मते ही चाचणी फक्त बऱ्याच झिजलेल्या क्लचसाठी उपयोगी आहे. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इतका कमी असतो की अर्धवट झिजलेली प्लेटही तो पेलते आणि आपण निर्धास्त होतो. शिवाय ती पुन्हा पुन्हा केल्याने प्लेट तापते.

गिअर पडताना खर्रर्र आवाज होत असेल, विशेषतः रिव्हर्स पडत नसेल, तर ती स्लिप नव्हे. तेथे क्लच पुरता सुटत नाही आणि त्याची दुरुस्ती नेमकी उलट दिशेची असते.

स्लिप निश्चित झाल्यावर आधी बाहेरची कारणे पाहावीत. क्लच प्लेट झिजते तसतशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीच्या) दिशेने सरकते आणि तिच्या स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर ही बोटे ढकलून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे) येतात. म्हणजे पेडलचा मोकळा खेळ (क्लच सुटू लागण्याआधी पेडल जेवढे सैल दबते तेवढे अंतर) वापराबरोबर आपोआप कमी होत जातो. तो शून्य झाला की बेअरिंग बोटांवर सतत टेकते आणि पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. ज्या गाड्यांत हा खेळ हाताने ठरवावा लागतो, तेथे पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका तो परत आणल्यावर स्लिप थांबली, तर प्लेटमध्ये अजून आयुष्य आहे असे समजावे. ॲडजस्टमेंट संपेपर्यंत फिरवूनही खेळ मिळत नसेल, तर प्लेट संपली आहे.

हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये आणखी एक शक्यता असते आणि ती फार वेळा दुर्लक्षित राहते. मास्टर सिलिंडरचे (पेडलकडच्या, दाब तयार करणाऱ्या सिलिंडरचे) परतीचे छिद्र बुजले किंवा होज आतून फुगला, की पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये दाब अडकून राहतो. स्लिप चालू असताना गाडी थांबवून स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचकडच्या, त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा) ब्लीडिंग निप्पल, म्हणजे लाइनमधली हवा काढण्याचा स्क्रू, जरासा सैल करावा. ऑइलची चिळकांडी जोरात उडाली आणि निप्पल आवळल्यावर क्लचने पुन्हा नीट पकड घेतली, तर दोष प्लेटचा नाहीच. एवढ्या एका तपासणीने गिअरबॉक्स उतरवण्याचे टळू शकते.

बाहेर काहीच सापडले नाही, तर मात्र उघडण्याला पर्याय नाही. उघडल्यावर तेल दिसले तर ते कोणत्या बाजूचे, हे पुसून टाकण्याआधी पाहावे. काळे, पातळ तेल फ्लायव्हीलकडून आले असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील गळते आहे; दाट, उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरून येते. सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे तीही तेलात भिजवणे होय.

शेवटचा निर्णय नुसती प्लेट बदलायची की पूर्ण सेट, हा. प्रेशर प्लेट अलीकडेच बदललेली असेल, तिचा पृष्ठभाग सपाट असेल आणि जुनी प्लेट केवळ तेलाने खराब झाली असेल, तर नुसती प्लेट चालते. पृष्ठभागावर निळसर डाग किंवा केसासारख्या चिरा असतील, स्प्रिंगच्या बोटांची टोके खोल झिजली असतील, किंवा लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) रिव्हेटपर्यंत उतरले असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावीत. बेअरिंगवर केलेली काटकसर मला सर्वांत चुकीची वाटते, कारण ते पुढे वाजू लागले की तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. फ्लायव्हीलवर हाताला लागतील असे चरे असतील, तर पुस्तिकेतील मर्यादा पाहून ते मशीन करून घ्यावे किंवा बदलावे. जेथे खेळ हाताने ठरवावा लागतो, तेथे नवे लायनिंग बसत असताना तो पुन्हा बदलतो, म्हणून सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर तो एकदा तपासून घ्यावा.