विंटर टायर, चेन की घरीच थांबणं?

गोठणाऱ्या पावसात रस्ता नुसता ओला दिसतो, असतो मात्र काचेसारखा. वरच्या उबदार हवेत वितळलेला थेंब जमिनीलगतच्या थंड थरात शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि टेकताक्षणी गोठतो. अशा दिवशी निघावंच लागलं तर काय कामाला येईल?

विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं. साधे उन्हाळी टायर साधारण 7 अंशांखाली कडक पडू लागतात, तेव्हा थंडीचे काही महिने गाडी चालवायची असेल तर पैसे इथेच घाला. पण टायरवरचं तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह दाबलेल्या हिमावरच्या चाचणीचं असतं, गुळगुळीत बर्फाचं नव्हे. युरोपीय संघाच्या टायर लेबलवर मे 2021 पासून बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आहे. मी असतो तर तेच आधी शोधलं असतं. खिळ्यांचे टायर बर्फात खरंच रुततात, पण जर्मनीत ते जवळपास सगळीकडे बंद आहेत, म्हणून आधी नियम पाहा.

चेन, म्हणजे टायरभोवती चढवायची साखळी, स्वस्त पडते आणि बर्फाला धरतेही. गोम अशी की या पावसात रस्ता एकसारखा गोठत नाही. पुलाला खालूनही थंड हवा लागते, त्यामुळे तो आधी गोठतो आणि पुढचा रस्ता नुसता ओला असतो. उघड्या डांबरावर चेन घासते, तुटते आणि वेगही साधारण ताशी 50 किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. शिवाय ती भर पावसात, बधिर बोटांनी चढवायची! घाटात साचलेल्या हिमासाठी चेन जरूर ठेवा; या पावसासाठी म्हणून घेऊ नका.

(फोर-व्हील ड्राइव्हवर विसंबू नका. ती गाडी सुटायला मदत करते, थांबवायला नाही.)

माझं मत तिसऱ्या पर्यायाला. हा पाऊस बहुधा काही तासांत सरतो, मग प्रवास पुढे ढकलणंच सगळ्यात स्वस्त. अपवाद असतात: जानेवारी 1998 मध्ये पूर्व कॅनडात तो थांबून थांबून पाच-सहा दिवस पडत राहिला आणि बर्फाच्या ओझ्याने विजेचे मनोरे कोसळले. म्हणून थांबायचं तर बॅटरी, पाणी, औषधं आणि चार्ज केलेला फोन आधीच तयार हवा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच चालवू नका, त्याचा धूर जीव घेतो.

वाटेतच अडकलात, तर पुढच्या गाडीच्या चाकांकडे लक्ष ठेवा. रस्ता ओला दिसतोय, पण तुषार उडायचे थांबले, म्हणजे तिथे बर्फ आहे: ब्रेक न दाबता हळूच पाय उचला, स्टेअरिंग सरळ धरा.