अस्थी रामकुंडात, समुद्रात की झाडाखाली?

“मला समुद्रात सोडा,” असं आई बोलून गेलेली असते. काकांचं म्हणणं, नाशिकच्या रामकुंडाशिवाय चालायचं नाही. नातवाला गावच्या परड्यात आंबा लावायचा असतो. हा वाद बहुधा अस्थी सावडून झाल्या की स्मशानाच्या दारातच सुरू होतो, आणि तो तिथेच मिटवायची गरज नसते. रीत दहा दिवसांच्या आत विसर्जन करायची आहे, त्याच दिवशी नाही.

मोठ्या माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते, म्हणजे वाटून घ्यायला पुरेशी. नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात हीच वाटणी लिहून ठेवली होती: मूठभर प्रयागला गंगेत, उरलेली विमानातून शेतांवर. गेलेल्याने स्पष्ट सांगितलं असेल तर मोठा वाटा त्याच्या शब्दाप्रमाणे द्यावा आणि नातेवाइकांच्या समाधानाला एक मूठ ठेवावी. उलटं करू नये. सावडतानाच शस्त्रक्रियेत बसवलेला मांडीतला रॉड, गुडघ्याची कृत्रिम वाटी हाताने वेगळी काढा.

तिघांत सोपं रामकुंड. मुंबईहून सुमारे १७० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात आणि कसारा घाट मोकळा मिळाला तर नऊ-साडेनऊला पंचवटीत. रेल्वेने गेल्यास नाशिकरोडला उतरून पुढे नऊ-दहा किलोमीटर रिक्षा. कुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून कलश तिथेच रिकामा करतात. गुरुजी तिथेच भेटतात; दक्षिणा पाटावर बसण्याआधी ठरवा. दशक्रियाही तिथेच उरकता येते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हाताऱ्या माणसाचा हात सोडू नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर चढते. तेव्हा कुंड पाण्याखाली असतं, म्हणून निघण्याआधी नाशिकला फोन करा.

समुद्र घरापासून जवळ, पण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. चढत्या भरतीला दादर किंवा गिरगाव चौपाटीवर सोडलेलं सगळं पुन्हा वाळूवर येतं, हारासकट. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते. ती उतरायला लागल्यावर तासाभराने जा, म्हणजे पाणी आत ओढून नेतं. दुसरा शत्रू वारा. दुपारी तो समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो, त्यामुळे उंचावरून उधळलेली रक्षा थेट मागे उभ्या असलेल्यांच्या तोंडावर. त्यापेक्षा कलशात पाणी घालून रक्षा सरबरीत करा आणि कलशाचं तोंड पाण्याला लागेल इतकं वाकून ओता. बोटीवर असाल तर वारा पाठीवर येईल त्या बाजूला उभे राहा.

बोटीसाठी कोळीवाड्यात तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, आदल्या दिवशी बोला आणि काम काय आहे ते आधीच सांगा. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेआधी बोट मिळेल असं धरून चालू नका. प्लास्टिकची पिशवी, कापड, तांब्या पाण्यात टाकू नका. भाजलेलं मडकंही विरघळत नाही, ते परत आणा.

झाडाचा पर्याय दिसतो सात्त्विक, पण रोप मरतं ते रक्षेमुळेच. रक्षा चुनखडीसारखी अल्कधर्मी असते, वर क्षार. कलश सगळा मुळांशी ओतला की महिन्याभरात पानं करपतात. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. दोन मुठी रक्षा, तीन-चार घमेली माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत नीट कालवून तळाशी घाला. त्यावर वीतभर साधी माती, मग रोप. उरलेली रक्षा नदीत किंवा समुद्रात.

जागा मात्र विचारपूर्वक निवडा. सोसायटीच्या आवारात लावलेला आंबा पुनर्विकासात पहिला जातो, आणि मग तो तोडताना बघणं जीवावर येतं. गावी स्वतःची जमीन असेल तरच हा मार्ग धरा. बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत चमचाभरही घालू नका, एवढ्याशा मातीत ती तुळस टिकणार नाही.