जिप्सीवरचे घरगुती विंच माउंट: उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या कामाचा आढावा

मारुती जिप्सी किंगच्या पुढे आधीच्या मालकाने घरच्या घरी बसवलेले विंचचे (मोटरने दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचे) माउंट, म्हणजे त्याची बैठक, तपासून, मजबूत करून पुन्हा चासीवर चढवण्याचे काम मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून करून घेतले. त्या कामाचा हा आढावा आहे. वर्कशॉपचे नाव मालकांच्या विनंतीवरून देत नाही. त्यांचा मूळ धंदा उसाच्या ट्रॉल्यांचे सांगाडे आणि दांड्या बनवण्याचा आहे आणि गाड्यांची हौशी कामे अंगावर घेण्याची त्यांना फारशी इच्छा नाही. तरीही अशा कामासाठी चकचकीत अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानापेक्षा ट्रॉलीवाल्याकडे जावे असे माझे मत होते आणि काम पाहिल्यावर ते पक्के झाले. भरलेली ट्रॉली ओढताना जोर दांडीतून सांगाड्यात कसा उतरतो आणि सांगाडा नेमका कुठे तडकतो, हे या लोकांच्या रोजच्या नजरेखालचे आहे.

आधी गाडीविषयी. जिप्सीचे रिकामे वजन साधारण एक टन आहे आणि माणसे व सामान धरून ते दीड टनाच्या आसपास जाते. विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी या प्रचलित नियमाने ६,००० पौंडांचा विंचही पुरला असता. या गाडीवर आहे तो ८,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३,६३० किलो ओढीचा. ही क्षमता ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना मिळते आणि वरच्या थरांवर ओढ कमी होत जाते. माउंटचा हिशेब मात्र पूर्ण क्षमतेवरच करावा लागतो, कारण गाडी चिखलात पोटावर बसली की विंच अडून थांबेपर्यंत बटण सोडले जात नाही, हा चंदगड आणि आजरा भागातील पावसाळ्यात सर्वांचाच अनुभव आहे. गाडी हलकी आहे म्हणून माउंटवर जोर कमी येईल, असे समजण्यात अर्थ नाही.

जुने माउंट म्हणजे चासीच्या दोन्ही पुढच्या टोकांमध्ये आडवे ठेवलेले १०० × ५० मिमीचे चॅनल होते. त्याची दोन्ही टोके चासीला चारही बाजूंनी वेल्डिंग करून चिकटवलेली होती. वरवर पाहता काम दणकट वाटत होते, कारण चॅनल जाड होते आणि वेल्डिंगही भरपूर होते. वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर घेतल्यावर मिस्त्रींनी चॅनलकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी थेट वेल्डिंगच्या कडेला, चासीच्या पत्र्यावर, ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून रंग काढला, तड्यात शिरणारी लाल डाय लावून पुसली आणि वर ती बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. डाव्या टोकाला वेल्डिंगला समांतर अशी एक बारीक लाल रेघ उमटली. चॅनल आणि वेल्डिंग दोन्ही शाबूत होते. तडा गेला होता तो चासीला.

हे असे का होते, हे त्यांनी ज्या पद्धतीने समजावले त्यासाठीच या वर्कशॉपची शिफारस करावीशी वाटते. जिप्सीची चासी पातळ पत्र्याच्या पोकळ बॉक्सची आहे. त्या बॉक्सभोवती एकाच रेषेत आडवे वेल्डिंग केले की उष्णतेने गुणधर्म बदललेला पत्रा नेमका त्याच रेषेत येतो आणि जाड चॅनलचा ताठरपणाही तिथेच अचानक संपतो. पुढे बाजूला ओढ पडली की चासीचे सगळे वाकणे त्या एका रेषेवर येऊन ठेपते. मिस्त्रींचे म्हणणे असे की चॅनल याहून दुप्पट जाड घातले असते तर तडा आणखी लवकर गेला असता. मला हे पटले, आणि बाजारात पट्टीच्या जाडीवरून माउंटची जी जाहिरात चालते तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

दुरुस्तीचा क्रम योग्य होता. प्रथम बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, कारण माझ्या किंगमध्ये इंधन इंजेक्शनसाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आहे, आणि वेल्डिंगची अर्थिंग प्रत्येक वेळी कामाच्या जागेला लागूनच लावली. जुने वेल्डिंग ग्राइंडरने उतरवले. तड्याच्या दोन्ही टोकांना लहान भोक पाडून तो पुढे जाण्याचे थांबवले, मग खाच काढून भरून घेतला आणि पृष्ठभागाशी सपाट केला. त्यानंतर चासीच्या दोन्ही टोकांना बाहेरून ६ मिमीच्या पट्ट्या बसवल्या. त्या पुढून मागे लांब जातात आणि त्यांची मागची टोके सरळ न ठेवता निमुळती कापली आहेत, जेणेकरून ताठरपणा टप्प्याटप्प्याने कमी व्हावा. वेल्डिंग फक्त लांबीच्या दिशेने, तुकड्यातुकड्यांत आणि पट्टीत पाडलेल्या भोकांतून केले आहे. चासीला आडवा टाका एकही नाही. पुढच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासूनही टाके दूर ठेवले. चॅनल टाकून दिले नाही. ते या पट्ट्यांना गसेट (कोपऱ्याला आधार देणारा पत्र्याचा तुकडा) देऊन जोडले आणि पट्ट्यांसह चासीतून आरपार जाणाऱ्या ८.८ ग्रेडच्या १२ मिमी बोल्टांनी आवळले. पोकळ बॉक्समधून बोल्ट नुसता आवळला तर बॉक्स चेपतो आणि पुढे बोल्ट ढिलाच राहतो, म्हणून प्रत्येक भोकात पाइपचा स्लीव्ह घालून त्याची तोंडे वेल्ड केली आहेत. हे काम वेळखाऊ असते आणि बहुतेक ठिकाणी ते गाळले जाते.

बोल्ट पुरेसे आहेत का, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचे उत्तर आम्ही कागदावर काढले. दोराची ओढ चासीच्या माथ्यापासून सुमारे १०० मिमी वर आहे आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत सुमारे २५० मिमी अंतर आहे. ३,६३० किलोच्या ओढीने माउंट पुढे कलंडू पाहते तेव्हा मागच्या बोल्टांवर मिळून साधारण १,४५० किलोचा उचल जोर येतो, म्हणजे एका बाजूला सव्वासातशे किलो. ८.८ ग्रेडचा १२ मिमीचा एक बोल्ट काही टन सहज पेलतो. तेव्हा बोल्टाची काळजी नाही. काळजी आहे ती बोल्टाभोवतीच्या पत्र्याची, आणि बाहेरची पट्टी व स्लीव्ह त्यासाठीच आहेत. ओढ तिरकी असेल तर एका बाजूचा वाटा बराच वाढतो, तोही या हिशेबात सामावतो.

एका गोष्टीवर आमचा थोडा वाद झाला. विंचचे पाय २५४ × ११४.३ मिमी या सर्वमान्य मापावर बसतात, त्यामुळे तिथे अडचण नव्हती, पण रोलर फेअरलीडची (दोर ज्या रोलरांमधून बाहेर येतो त्या चौकटीची) उभी पट्टी मिस्त्रींना गसेटशिवाय चालेल असे वाटत होते. फेअरलीड फक्त दोराला वाट दाखवते, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात दोर ४५ अंशांत वळला की फेअरलीडवर ओढीच्या सुमारे तीनचतुर्थांश जोर येतो आणि तो मुख्यतः बाजूला असतो. आकडेमोड दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता दोन्ही कडांना त्रिकोणी गसेट टाकले. ग्राहकाचे ऐकून घेणारा कारागीर विरळा, हे इथे नमूद करायला हवे.

चाचणीची पद्धत मला सर्वांत आवडली. चासीवर कर्ण दिशेने सेंटर पंचने खुणा करून अंतरे मोजली, प्रत्येक नट-बोल्टावर रंगाची रेघ ओढली आणि माल भरलेली, चाकांना ओंडके लावलेली ट्रॉली ओढायला घेतली. दोरावर जड गोणपाट टाकले होते आणि दोराच्या रेषेतून सर्वांना दूर केले होते. आधी सरळ आणि नंतर तिरकी ओढ दिल्यावर अंतरे पुन्हा मोजली. ती बदलली नव्हती, रंगाच्या रेघाही जागेवर होत्या. डाय पुन्हा मारून टाके तपासले गेले. गाडी चालवून थोडे अंतर गेल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घेण्यास त्यांनी सांगितले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

उणिवाही आहेत आणि त्यातल्या दोन गंभीर आहेत. पहिली अशी की वेल्डिंगनंतर बॉक्स चासीच्या आतून गंजरोधक मेण फवारण्याची सोय त्यांच्याकडे नाही. आतला रंग उष्णतेने जळून गेलेला असतो आणि कोल्हापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस पाहता हे काम लगेच दुसरीकडे करून घेणे भाग आहे. बाहेरचे रेड ऑक्साइड आणि काळा रंगही घाईत मारल्यासारखा दिसतो. दुसरी, विंच जागेवर न ठेवता माउंट टॅक केल्यामुळे (तात्पुरत्या टाक्यांनी पकडल्यामुळे) विंचचा क्लच मोकळा करण्याचा लिव्हर ग्रिलच्या फार जवळ आला असून हातमोजा घातलेला हात तिथे अडकतो. कामाचे रेखाचित्र किंवा साहित्याचा तपशील लेखी मिळत नाही. तो मी स्वतः लिहून घेतला.

वायरिंग ते करत नाहीत आणि तसे आधीच सांगतात. ते योग्यच आहे. पूर्ण भारावर अशा विंचला ३०० अँपिअरहून अधिक विद्युत प्रवाह लागू शकतो, जिप्सीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, त्यामुळे जाड केबल आणि आयसोलेटर स्विच बसवणारा जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा शोधावा लागतो. नाकावर वाढलेल्या वजनाने पुढचे पाटे थोडे बसतात, हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू वर्कशॉप सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढचे बुल बार व क्रॅश गार्ड याच कलमाखाली बेकायदा ठरवले. पुढे आलेले विंच माउंट रस्त्यावर अडवले जाऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. एअरबॅग असलेल्या नव्या गाड्यांत तर पुढचा ताठ सांगाडा धडकेचा हिशेबच बदलतो. तशा गाडीवर हे काम मी करून घेतले नसते.

खर्च साहित्याच्या वजनावर आणि वेगळ्या मजुरीवर ठरतो. माझे एकूण बिल विंचच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहिले आणि डाय चाचणीचे पैसे त्यातच होते. दसऱ्याच्या सुमारास जाऊ नये, कारण गळीत हंगामाआधी अंगणात ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि तुमची गाडी मागे पडते. हंगाम संपल्यावर, वळीव सुरू होण्याआधी गेल्यास मिस्त्री स्वतः हातात टॉर्च घेऊन चासीखाली शिरतात. जाताना विंच सोबत न्यावा आणि पहिला टॅक पडण्याआधी तो माउंटवर ठेवून क्लचचा लिव्हर मोकळा फिरतो का, हे पाहून घ्यावे.