640 युरोची ‘अस्सल’ जर्मन फरटोपी: असं गंडवतात, सावध राहा

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैनिकाची हिवाळी फरटोपी म्हणून माझ्या गळ्यात बनावट माल मारला. टोपीचे 640 युरो, पोस्टाचे 18. जर्मनीत राहून असल्या वस्तू जमवणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचाच.

माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत जर्मनांशी लढले, त्यातून ही आवड लागली. नाझींचं कौतुक मला तीळमात्र नाही. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्य गारठलं आणि डिसेंबरात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला जनतेकडे लोकर नि फर मागावी लागली, हा इतिहास आपल्याला पाठ असतो. नंतर आलेल्या सशाच्या फरच्या टोप्या वापरून झिजल्या, कसरीने खाल्ल्या. अस्सल टोपी हाती लागणं कठीण, म्हणून तर हा धंदा फोफावलाय. युद्धानंतरची पूर्व युरोपातली लष्करी टोपी घ्यायची, लेबल उसवायचं, जर्मन सैन्याचं गरुडचिन्ह शिवायचं, कारखान्याचा शिक्का मारायचा.

तो शिक्काच मला आजही झोपू देत नाही. फोटोत अस्तर घामाने पिवळं पडलेलं आणि शिक्का मात्र कोरा करकरीत! साल 1941, खाली कारखान्याचा आरबी नंबर, म्हणजे नावाऐवजी छापायचा सांकेतिक क्रमांक. हे नंबर 1942 च्या आधी नव्हतेच. मी विक्रेत्याला विचारलं. ‘डेपोत दुरुस्तीला गेली तेव्हा पुन्हा शिक्का मारला,’ असं उत्तर आलं. दुरुस्त्या व्हायच्याच, कुणालाही पटलं असतं. फोटोत गरुडाखालच्या स्वस्तिकावर पट्टी चिकटवली होती. नाझी चिन्हं दाखवायला बंदी घालणाऱ्या जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ मुळे इथे सगळेच चिकटवतात. त्या पट्टीखाली गरुडाचे टाके झाकले होते. ‘आजोबांच्या घराच्या पोटमाळ्यावर सापडली’ अशी गोष्ट कुणी सांगायला लागला की तिथेच थांबवा.

घरी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर गरुडाचा दोरा निळापांढरा चमकला. दोऱ्याचं टोक जाळलं, वितळून त्याची कडक गोळी झाली, म्हणजे दोरा युद्धानंतरचा कृत्रिम. अस्तरात उसवलेल्या लेबलाच्या सुईच्या भोकांची चौकट स्वच्छ दिसते. आतल्या शिवणीचे फोटो आधी मागा, नाही म्हणाला तर सोडून द्या.

पोलिसांनी आधी मलाच विचारलं, हे चिन्ह घेऊन इथे कसे आलात? मी फसवला गेलोय की गुन्हेगार आहे? मग म्हणे हा दिवाणी मामला. तक्रार घ्यायला लावली, तर सरकारी वकिलांकडून पत्र आलं: माल बनावट असल्याचं विक्रेत्याला माहीत होतं हे सिद्ध होत नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 170 खाली तपास बंद. शिक्का काय आपोआप उमटला? त्याला एक फोनही केला नाही! बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. विक्रेत्याने ऑनलाइन पेमेंटमधला ‘मित्रांना पैसे’ हा पर्याय मागितला होता, फी वाचते म्हणून. संग्राहकांत हे सर्रास चालतं. तो पर्याय कधीही देऊ नका, खरेदीचं संरक्षण तिथेच संपतं.

तोच माणूस आता नव्या नावाने विकतोय. माप 57, साल 1941, शिक्क्यातला चार आकडा डावीकडे तुटलेला. हा शिक्का दिसला तर एक युरोही देऊ नका.