भंडारदरा: वर्षात चार वेळा जाऊन आलो, आता सांगतो कधी जायचं

गेल्या जूनपासून या मेपर्यंत भंडारदऱ्याला चार चकरा झाल्या, घरचे म्हणतात तिकडेच घर घे. दरवेळी कुणीतरी विचारतं की जाण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. जागा भारीच आहे, पण "लेक साइड कॅम्पिंग" हा शब्द वर्षभर एकाच अर्थाचा नाही, आणि हे बुकिंग घेताना कोणी सांगत नाही.

कसंय, हा तलाव दिसतो डोंगरातला नैसर्गिक वगैरे, पण आहे धरणाचं पाणी. प्रवरेवरचं विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालेलं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाचं, आणि मागं जो साठा आहे त्याला आर्थर लेक म्हणतात. म्हणजे हे पाणी आपल्या पिकनिकसाठी नाहीये, खाली प्रवरेच्या कालव्यांना आवर्तनं (शेतीला पाळीपाळीनं द्यायचं पाणी) सुटतात, तिकडं संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस ते पितो. त्यामुळं ऑगस्टमध्ये जो तलाव तुमच्या तंबूच्या दोरीला लागतो तोच मेमध्ये पार खाली गेलेला असतो.

हे मला कळलं या मेमध्ये, चांगलंच कळलं. माणशी बाराशे भरले, फोटोत तंबूसमोर निळंशार पाणी, आणि पोचलो तर समोर सगळी भेगाळलेली माती, मधे जुन्या शेतांचे बांध उघडे पडलेले, त्यावर गाई चरतायत आणि पाणी लांब तिकडं चकाकतंय. म्हटलं चालत जाऊ, किती लांब असणार. वरून पापुद्रा कडक वाळलेला आणि आत नुसतं लोणी, चौथ्या पावलाला माझी एक चप्पल आतच राहिली, हात घालून काढली तर कोपरापर्यंत चिखल, आणि बायको वरून व्हिडिओ काढतेय. कॅम्पवाल्याला विचारलं तर म्हणे "सर फोटो सप्टेंबरचा आहे". नाव लिहीत नाही, पण भाऊ, तारीख तरी टाकायची ना फोटोवर! त्या दिवशी धरणाजवळच्या शेंडी गावातून बोट घेतली ती पण रतनवाडीच्या बरीच अलीकडं थांबली, पुढं पुन्हा चिखलच. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ मात्र पाहाच, दगडातलं कोरीव काम बघत अर्धा तास कुठं जातो कळत नाही, शेजारची पुष्करणी पण सोडू नका. बोटिंग एरवी पाचपैकी साडेतीन, मेमध्ये दोन.

सगळ्यात पहिली चक्कर म्हणजे गेल्या जूनची, काजव्यांची. मेच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे असतात ते. काय सांगू, हिरडा-बेहड्याची अख्खी झाडं एकदम पेटतात आणि एकदम विझतात, कोणीतरी स्विच दाबल्यासारखी. पण आम्ही गेलो शनिवारी, हीच चूक. गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, एक ग्रुप मोबाइलचा टॉर्च मारून काजवे शोधतोय (!!), आणि मागच्या कुठल्यातरी कॅम्पवर स्पीकरवर धांगडधिंगा. अरे ते मादीला बोलवायला चमकतायत, तुमच्या रीलसाठी नाही. लोक रस्ता सोडून झाडाखाली शिरतात तिथंच मातीत यांच्या अळ्या असतात, त्या पायाखाली जातात. वनखात्याचे लोक ओरडून ओरडून थकतात. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार गाठा, लाइट बंद करून दहा मिनिटं गप उभे राहा, डोळ्यांना अंधाराची सवय झाली की मग बघा.

ऑगस्टला पाऊस एवढा की कॅम्पिंगचा विचारच नको, आम्ही शेंडीत खोली घेतली. पण शेंडी-मुरशेत-पांजरे-घाटघर-साम्रद-रतनवाडी करत तलावाला जो गोल रस्ता जातो तो या दिवसांतच बघावा, धबधबे मोजायचा पोरीनं प्रयत्न केला, तिसावर सोडून दिलं. धरणाखालचा अंब्रेला फॉल पण सोडलेल्या पाण्यावरच असतो, आम्हाला मिळाला, नशीब. घाटघरच्या कोकणकड्यावर मात्र धुक्याशिवाय काही दिसलं नाही, दोन तास उभे होतो, मक्याची कणसं खाल्ली, परत आलो. साम्रदजवळची सांदण दरी पावसात बंद, उगाच तिकडं शहाणपणा करू नका.

आणि उरलेली, खरं तर माझी सगळ्यात आवडती, डिसेंबरची. पाणी अजून बऱ्यापैकी वर होतं, कॅम्प पण वेगळा, पांजऱ्याकडचा एका दादाचा, चारच तंबू, त्याची बायको चुलीवर नाचणीची भाकरी आणि गावठी कोंबडी करते. थंडी कडक, पहाटे तंबूच्या आतल्या बाजूनं दव टपटप कपाळावर. दादानं दिलेली स्लीपिंग बॅग पातळच होती, त्याचा एक मार्क कापला, स्वतःचं पांघरूण न्याच. टॉयलेट एकच पण स्वच्छ. सकाळी कळसूबाई करून आलो, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, वरच्या लोखंडी शिड्यांवर वीकेंडला ट्रॅफिक जॅम असतो म्हणून बारी गावातून पहाटे चारलाच निघालो. गुडघे दोन दिवस बोलत होते.

डोंबिवलीहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत जायचं. पेट्रोल आणि कॅश घोटीतच उरकून घ्या, पुढं नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं. पोहायला उतरू नका, कितीही शांत दिसू दे, पाणी वरखाली होतं त्यामुळं काठ कुठं एकदम खचतो ते गावातल्या पोरांना माहीत, आपल्याला नाही.

बुकिंग करताना आता मी एकच प्रश्न विचारतो, पाणी तंबूपासून किती लांब आहे आणि आजचा फोटो पाठवा. जो टाळाटाळ करतो तो कटाप. पांजऱ्याच्या दादाला मागच्या आठवड्यात फोन लावला तर पलीकडून पावसाचा नुसता आवाज, मधेच तो ओरडून सांगतोय, "आत्ता नका येऊ, तंबू काढून ठेवलेत, गणपती झाले का फोन करा, पानी वर आलं का मीच फोटू धाडतो."