डोंगरातलं केबिन: जागा झकास, लाकडं ओली

रस्ता लांबलचक, शेवटचा टप्पा कच्चा आणि वळणावळणाचा. गाडी मी चालवत होते, नवरा नकाशा बघत होता. रेंज गेल्यावर फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशाच कामी आला. मालकांनी बुकिंग घेतानाच हे सांगायला हवं होतं. तीव्र उतारावर खालच्या गिअरमध्येच राहा, सतत ब्रेक दाबलात तर ते तापून धरेनासे होतात.

केबिन मात्र झकास! जाड लाकडी भिंती, दारं-खिडक्या घट्ट, पांघरुणं स्वच्छ. खरी तक्रार आहे ती शेगडीच्या लाकडांची. चक्क ओली. फुंकून फुंकून डोळे चुरचुरले, खोलीभर धूर, ऊब नावालाच. नीट वाळलेल्या लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या आत असतो आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. इथल्या नुसत्या बद्द वाजत होत्या. शिवाय बंद खोलीत लाकडं जळणार आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही, हे मला अजिबात पटलं नाही. त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. नवरा म्हणाला, "खिडकी जरा किलकिली ठेवू या." ठेवली, आणि रात्रभर कुडकुडलो.

अंघोळीला गरम पाणी भरपूर. पाचपैकी साडेतीन. पुन्हा जाऊ, पण अलार्म आपला घेऊन.